आखूड बांधलेली होडी

ज्या वर्षी पायलला मुलगी झाली आणि तिच्या नवऱ्याची, रवीची, नोकरी गेली, त्या वर्षी, म्हणजे दोन हजार तेवीस साली, ज्ञानदेव आणि रमाबाई सहा महिन्यांच्या व्हिसावर लेकीकडे अमेरिकेला आले होते. एप्रिलमध्ये नात झाली. सात जूनला नामकरण केलं, नाव ठेवलं नीलांबरी, लाडाने निलू. वार बुधवार. कारण देशाच्या दुसऱ्या टोकाहून, कॅरीहून आलेल्या शोभामावशीचं परतीचं फ्लाइट गुरुवारचं होतं, आणि रवीला तसंही ऑफिस उरलं नव्हतं. घरी बुद्धवंदना झाली, खीर झाली, मग सगळी वरात बाळाला समुद्र दाखवायला मच्छीधक्क्यावर गेली. फोटो काढले. पाणी ओसरल्यावर रवी नवे बूट घालून चिखलात उतरला आणि त्यातला एक बूट समुद्राला देऊन आला. त्या बुटाचं हसू घराला तीन महिने पुरलं.

सप्टेंबरच्या एकोणीस तारखेला ते संपलं.

त्या सकाळी साडेसहाला ज्ञानदेव नेहमीप्रमाणे बाबागाडी ढकलत धक्क्यावर पोचले आणि जागच्या जागी थांबले.

होडी हवेत लटकत होती.

आर्नची लाकडी होडी. तिचं नाक धक्क्याच्या कडेला दोरीने आवळलेलं, बूड खाली चिखलाकडे झुकलेलं, वल्ही केव्हाच निसटून पडलेली. ओहोटीने पाणी दोन पुरुष खाली गेलं होतं आणि दोरी होती जेमतेम हातभर.

ज्ञानदेवांचं सगळं आयुष्य रेवदंड्याच्या बंदरावर गेलं होतं. पाण्यात रोवलेल्या पट्टीवर भरती-ओहोटी किती चढली-उतरली ते बघायचं आणि कारकुनाला ओरडून सांगायचं, हे त्यांचं काम. होडी अशी बांधलेली त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. ते शिडीपाशी गेले, वाकून धक्क्याखाली बघितलं. खांबांमधल्या आडव्या लाकडावर एक माणूस पालथा पडला होता. पाय ओले, डोक्यामागे रक्त सुकलेलं.

"आर्न!"

माणूस हलला नाही. पण तोंडापाशी वाफ दिसत होती. अगदी पुसट.

आर्न लिंडस्ट्रम, वय एकाहत्तर, या बंदराचा हार्बरमास्टर. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती आणि पाच महिने त्यावाचून काही अडलं नव्हतं. आर्न रोज सकाळी धक्क्यावरच्या फळ्यावर खडूने त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळा लिहायचा. पहिल्याच आठवड्यात ज्ञानदेवांना वाटलं, आपलं घड्याळ बिघडलं. फळ्यावर ओहोटी अकराची, आणि पाणी तळाला जायचं बाराला. आर्नने हसून सूर्याकडे बोट दाखवलं, मग मनगटावरच्या घड्याळाकडे, आणि मान हलवली. उन्हाळ्यात इथले लोक घड्याळ तासभर पुढे करतात, पण समुद्राचं घड्याळ कुणी पुढे करत नाही. आर्नचं भरती-ओहोटीचं जुनं पंचांग सूर्याच्या वेळेचं, फळाही त्याच वेळेचा. गावातलं शेंबडं पोरही वाचताना मनात एक तास मिळवायचं. ज्ञानदेवही मिळवू लागले.

हॉस्पिटलचं हेलिकॉप्टर आर्नला घेऊन गेलं. डॉक्टर म्हणाले, जीव आहे, शुद्ध नाही.

दुपारी शेरीफच्या कचेरीतली डेप्युटी टेरेसा क्रूझ घरी आली. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. दुभाष्या रवी.

"होडी कोणी बांधली असेल, असं तुमच्या सासऱ्यांना वाटतं?"

"आर्नने नाही," ज्ञानदेव म्हणाले.

"कशावरून?"

"तो तीन वाव दोरी जास्त सोडतो, दोन्ही हात पसरले की एक वाव. पाणी उतरलं की होडी त्याच्याबरोबर उतरली पाहिजे. रोज बघतोय मी."

"अंधार होता. म्हातारा माणूस. घाईत चुकला असेल, शिडीवरून घसरला असेल."

"बाई, तुम्ही घाईत कधी चपला हातात घालता का?"

रवीने हे घाबरतच भाषांतर केलं. टेरेसा मात्र हसली. खिशातून तिने एक प्लास्टिकची पिशवी काढली. आत बोटाएवढा लाकडाचा गोल तुकडा. "हा त्याच्या खिशात सापडला. काय आहे हे?"

ज्ञानदेवांनी पिशवी उजेडाकडे धरली. "गिरमिटाने काढलाय. खांबाच्या पोटातून. ताजा आहे." मग नखाने दाबून बघितलं. "आणि टणक."

हे ऐकून टेबलापलीकडे बसलेली पायल एकदम रडायला लागली.

पायल त्या बंदराचे हिशेब बघायची. ऑल्डर कोव्ह हे गाव लहान, त्याचं पोर्ट डिस्ट्रिक्ट, म्हणजे बंदराचा कारभार बघणारी संस्था, तीही लहान. गावाने निवडून दिलेले तीन कमिशनर, पगारी डायरेक्टर एक, आणि हाताखाली पाच माणसं. घरपट्टीतला थोडा वाटा आणि बोटींचं भाडं, यावर सगळा किनारा चालायचा. यंदा बजेटमध्ये एकच मोठा प्रश्न होता. मच्छीधक्का दुरुस्त करायचा, की मोडून ती जागा एका रिसॉर्टवाल्यांना भाड्याने द्यायची? जूनमधल्या तपासणीचा कागद सांगत होता, की चाळीसपैकी एकतीस खांब कुजलेत. त्या कागदाच्या भरवशावर पायलने बजेटच्या मसुद्यात धक्का बंद करण्याची तरतूद लिहिली होती.

"काल पाचला मी आर्नला तपासणीची ती शीट्स दाखवली," ती डोळे पुसत म्हणाली. "बजेटच्या हिअरिंगच्या आधी एकदा कन्फर्म करावं म्हणून. खाली त्याचीच सही होती. तो म्हणाला, ही माझी सही नाही. मी तपासणी केलीच नाही. आज संध्याकाळी स्वतः खांबांना भोकं पाडून बघतो."

"हे आणखी कोणाला माहीत होतं?"

"कर्टिसला. आमचा डायरेक्टर. मी पाच-वीसला त्याला फोन करून सगळं सांगितलं. सांगणं माझं कामच होतं ना?"

टेरेसाने वही मिटली. "मिस्टर कर्टिस होल्ट म्हणतात, फोनवर फक्त बजेटचं बोलणं झालं. आणि ती शीट्स आज कपाटात नाहीत. किल्ल्या तिघांकडे. आर्न, डायरेक्टर आणि तुम्ही."

दुसऱ्या दिवशी पायलला पत्र आलं. चौकशी होईपर्यंत घरी बसा. पुढल्या मंगळवारी बजेटची जाहीर हिअरिंग आहे, तिच्यानंतर कमिशनर तुमच्या नोकरीचा निर्णय घेतील.

त्या पत्राचा अर्थ घरात सगळ्यांना कळत होता. रवीची नोकरी जानेवारीतच गेली होती. सगळं घर पायलच्या नोकरीच्या व्हिसावर उभं होतं. तिची नोकरी गेली की साठ दिवसांत चंबूगबाळं आवरायचं, आणि वर खोट्या कागदांचा डाग.

"यार, सरळ दिसतंय," रवी म्हणाला. "सांगतील, आकडे जुळवायला हिनेच शीट्स बनवली, आर्नने पकडलं, म्हणून हिनेच गायब केली."

"आणि आर्नला हिने ढकललं का?" रमाबाई कडाडल्या. "ओल्या बाळंतपणातून उठलेली पोर! आणि अहो, तुम्ही काय बसलात खिडकीतून पाणी मोजत? रेवदंड्याला कमी मोजलंत का?"

"मोजतोय म्हणूनच बसलोय," ज्ञानदेव म्हणाले. "पायल, ती शीट्स तू घरी आणली होतीस का गं?"

पायलने मान खाली घातली.

"खरं सांग."

"आणायची परवानगी नव्हती, आबा. ऑगस्टमध्ये निलूला ताप होता, घरून आकडे भरायचे होते. मी फोनवर फोटो काढले होते. सांगितलं तर आणखी एक चूक कबूल केल्यासारखं होईल, म्हणून..."

"दाखव."

ज्ञानदेव चाळिशीत रात्रीच्या वर्गाला जाऊन वाचायला शिकले होते. अजून बोट फिरवून, ओठ हलवून वाचायचे. इंग्रजी शब्द त्यांना येत नव्हते, पण इंग्रजी आकड्यांवर त्यांनी पोट भरलं होतं. दोन तास ते एकेका आकड्यावरून बोट फिरवत होते. मध्येच विचारलं, "ह्या चाळीस नंबरच्या पुढे काय लिहिलंय?"

"चाळीस म्हणजे सगळ्यात बाहेरचा खांब. वेळ अकरा-पाच. चिखलात उभं राहून बुडाशी गिरमिट मारलं, असं."

"आणि शेवटी?"

"एक वाजता पाणी चढू लागलं, काम बंद केलं."

"तारीख?"

"सात जून. निलूच्या नामकरणाचा दिवस. मी लीव्हवर होते, म्हणून तर मला..."

ज्ञानदेवांनी फोन ठेवला. "रवी, गाडी काढ. दोन माणसांना भेटायचंय."

पहिली ग्लेंडा. कमिशनरांची अध्यक्ष, सत्तरीची बाई, रिसॉर्ट व्हावं म्हणून दोन वर्षं उघड भांडणारी. ती आपल्या खेकड्यांच्या बोटीवर पिंजरे धूत होती. रवीने जरा चाचरत विचारलं, "मॅम, धक्का बंद व्हावा असं तुम्हाला का वाटतं?"

"कारण लोकांचे पैसे कुजक्या लाकडात घालायला मी निवडून आले नाही," ती म्हणाली. "लाकूड चांगलं असतं तर गोष्ट वेगळी. आणि त्या म्हाताऱ्याला सांग, माझ्यावर संशय घ्यायचा तर तोंडावर घे. आर्न माझ्या नवऱ्याचा मित्र होता."

बोलता बोलता तिने बोट थोडी पुढे ओढली आणि पुन्हा बांधली. हाताकडे बघितलंही नाही. तीन वाव दोरी सोडली, मग गाठ मारली. ज्ञानदेवांनी मान डोलावली आणि म्हणाले, "चल रवी. झालं इथलं."

"झालं? आपण काहीच विचारलं नाही!"

"तिने सांगितलं सगळं."

दुसरा कर्टिस होल्ट. पंचेचाळिशीचा, टापटीप, आठ महिन्यांपूर्वी ॲरिझोनाच्या वाळवंटातून इथे आलेला. पायलचा लॅपटॉप परत द्यायचं निमित्त होतं. त्याने दोघांना कॉफी दिली.

"पायल चांगली मुलगी आहे. मला फार वाईट वाटतं," तो म्हणाला.

"तपासणीला आर्नबरोबर कोण होतं, असं आबा विचारतायत."

कर्टिसने क्षणभर कप खाली ठेवला. "मी होतो. शेरीफला लिहून दिलंय तसं. अकरा ते एक. तो भोकं पाडत होता, मी टेप धरून. बूट घोट्यापर्यंत चिखलात." तो हसला. "जन्मभर लक्षात राहील."

"त्या कामाला पाणबुडे बोलवायचे असतात ना? बजेटमध्ये त्याचे पैसे होते."

"बोटी उचलायची क्रेन बिघडली, पैसे तिकडे गेले. मग आम्हीच केलं. चिखल उघडा पडल्यावर पाणबुडे कशाला?"

परतीच्या वाटेवर ज्ञानदेव गाडीच्या काचेतून पाण्याकडे बघत होते. मग म्हणाले, "जुलैत किनारा साफ करायला गावाला बोलावलं होतं, ती चिठ्ठी कोणाची होती रे?"

"कर्टिसचीच. नऊची वेळ दिली होती. आठवतं ना? पाणी अजून खाली उतरायचं होतं. सगळे तासभर कॉफी पीत बसले. आर्न फळ्यापाशी उभा राहून त्याला काहीतरी दाखवत होता आणि हसत होता."

"कर्टिस हसत होता का?"

रवीने आठवून बघितलं. "नाही. तो पांढरा पडला होता."

मंगळवारी, सव्वीस तारखेला संध्याकाळी सहाला हिअरिंग. बंदराच्या हॉलमध्ये साठ खुर्च्या, सगळ्या भरलेल्या. मागच्या भिंतीला टेरेसा टेकून उभी. नियम असा, की गावात राहणाऱ्या कोणीही उठून तीन मिनिटं बोलावं. घंटा वाजली की बसावं.

ज्ञानदेवांचं नाव पुकारलं. ते कोट घालून पुढे गेले. शेजारी रवी.

"दुभाष्या असला तर सहा मिनिटं," ग्लेंडा म्हणाली आणि घड्याळ फिरवलं.

"जय भीम," ज्ञानदेव म्हणाले. "मी पाहुणा आहे. तुमच्या बजेटमधलं मला कळत नाही. पाणी कळतं. पाण्याबद्दल बोलतो."

रवीने भाषांतर संपवलं, तसे ते पुढे बोलू लागले.

"एकोणीस तारखेला मी एक होडी लटकलेली बघितली. भरतीच्या वेळी कोणीतरी ती आखूड बांधली होती. पाणी उतरणार, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. आर्न अशी बांधणार नाही. म्हणजे तो पडल्यानंतर दुसऱ्या कोणीतरी बांधली, आर्न स्वतः होडी बांधून शिडी चढताना घसरला असं दिसावं म्हणून. आता असा माणूस कोण? ग्लेंडाबाईंचा हात झोपेतही दोरी सोडेल. माझी लेक बंदरावर वाढली, सहाव्या वर्षी होड्या बांधायची. मग मी शोधत राहिलो, पाणी न कळणारा माणूस कोण."

रवीने फोन पुढे केला. भिंतीवरच्या पडद्यावर तपासणीचं पान उमटलं. खुर्च्यांतून कुजबुज झाली. पहिल्या रांगेत कर्टिस सावरून बसला.

"ही हरवलेली शीट्स. माझ्या लेकीने न विचारता फोटो काढला, त्याची शिक्षा तिला द्या. पण वाचा. सात जून. अकरा-पाचला सगळ्यात बाहेरच्या खांबाशी चिखलात उभे. एक वाजता पाणी चढलं. त्या दिवशी फळ्यावर ओहोटीची वेळ काय होती, कोणी सांगेल?"

एक म्हातारा मच्छीमार पंचांग चाळून म्हणाला, "बारा." आणि लगेच, स्वतःशीच बोलल्यासारखं, "म्हणजे एक."

हॉलमध्ये निम्मे लोक खुर्चीत पुढे सरकले. त्यांना कळलं होतं. उरलेल्यांसाठी ज्ञानदेव बोलत राहिले.

"फळा सूर्याच्या वेळेचा. तुम्ही सगळे एक तास मिळवता. ज्याने घरी बसून, पंचांग समोर ठेवून ही शीट्स लिहिली, त्याला ते माहीत नव्हतं. बाराला पाणी तळाला, म्हणजे अकराला चिखल उघडा असेल, एकला चढू लागेल, असा त्याने हिशेब केला. पण खरी ओहोटी एकची. आता माझ्या नातीला बघा."

पडद्यावर फोटो आला. नव्या झबल्यातली नीलांबरी, तिला धरलेली शोभामावशी, मागे मच्छीधक्का. फोटोखाली वेळ: सात जून, अकरा वाजून चार मिनिटं. बाहेरचा खांब कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. धक्क्याखाली माणसाचं नावही नव्हतं.

मग दुसरा. एक वाजून सहा मिनिटं. ज्या वेळी म्हणे पाणी चढल्याने काम थांबलं, त्या वेळी रवी खांबांपलीकडच्या उघड्या चिखलात एका बुटावर नाचत होता.

कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

"मिस्टर होल्टनी शेरीफला लिहून दिलंय," ज्ञानदेव म्हणाले, "की अकरा ते एक आपण तिथे होतो, बूट घोट्यापर्यंत चिखलात. अकराला तिथे उभे असते तर कमरेपर्यंत भिजले असते. तपासणी झालीच नाही. पैसे क्रेनला गेले, तपासणी राहिली, बजेट तर जुळवून दाखवायचं होतं. म्हणून खांब कागदावर कुजवले आणि आर्नची सही केली. जुलैत सगळं गाव तासभर ताटकळलं तेव्हा त्यांना फळ्याचं गुपित कळलं, आणि आपल्या शीटवर काय लिहून ठेवलंय तेही. पण शीट्स तोवर हिशेबात गेली होती, वेळा आता बदलता येत नव्हत्या. अठरा तारखेला माझ्या लेकीने फोन केला, आर्न खांब तपासायला निघालाय. हे ऐकणारा माणूस एकच. तो धक्क्यावर गेला. आर्नच्या खिशात टणक लाकूड होतं."

घंटा वाजली. ग्लेंडाने ती हाताने बंद केली.

"कर्टिस," ती म्हणाली. "होडी कोणी बांधली?"

"हे हास्यास्पद आहे. एक टुरिस्ट माणूस..."

"मी एवढंच विचारलं, होडी कोणी बांधली."

कर्टिस उभा राहिला. दाराकडे बघितलं. दाराशी टेरेसा होती.

"मी नुसता त्याचा हात झटकला," तो म्हणाला. "तो शिडीवर होता, ते लाकूड माझ्या तोंडासमोर नाचवत होता. पडला. वर आलाच नाही. मला वाटलं, संपलं. मी फक्त होडी बांधली."

"संपलं नव्हतं," ज्ञानदेव म्हणाले, आणि हे रवीला मराठीतून इंग्रजीत आणताना फार जड गेलं. "तो त्या आडव्या लाकडावर स्वतः चढला होता. तुम्ही एक फोन केला असता तरी पुरे होतं."

टेरेसा कर्टिसला घेऊन गेली. कमिशनरांनी त्याच बैठकीत धक्का बंद करण्याची ओळ बजेटमधून काढली आणि खऱ्या तपासणीसाठी तरतूद केली. पायलला दुसऱ्या दिवसापासून कामावर बोलावलं. न विचारता कागदांचे फोटो काढल्याबद्दल एक लेखी समज तेवढी दिली.

त्या रात्री ती बापाच्या शेजारी पायरीवर बसली. "आबा, मी फोन केला नसता तर?"

"तू तुझं काम केलंस. त्याने त्याचं केलं नाही." थोड्या वेळाने ते म्हणाले, "पण हे तुला जन्मभर टोचणार. टोचू दे."

ज्ञानदेव आणि रमाबाईंचं विमान तीस तारखेचं होतं. त्या सकाळी ते शेवटचे धक्क्यावर गेले. फळा अकरा दिवस कोरा होता. त्यांनी फळ्यापाशी ठेवलेलं आर्नचं पंचांग उघडलं, बोट फिरवून आकडे शोधले आणि खडूने लिहिले. सूर्याच्या वेळेने. एक तास मिळवला नाही.

आर्न लिंडस्ट्रम शुद्धीवर आला नाही. सोमवारी, दोन ऑक्टोबर दोन हजार तेवीस रोजी, दुपारी दोनच्या सुमारास तो हॉस्पिटलमध्ये वारला.